आधी ओल, मग ऊब

तुझ्या बेसमेंटचा व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. भिंतीवर ओळीने टांगलेल्या पटाशा, रंधे, नवा टेबल सॉ, अर्धवट झालेली खुर्ची, सगळं पाहिलं. हात चांगला बसलाय तुझा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या खुर्चीच्या मागे रॉकेलचा हीटर पेटलेला आहे आणि त्याला धुराडं नाही. त्याच्या अलीकडे विजेचा हीटर आहे, तो बारीक पांढऱ्या एक्स्टेंशनवर लावलेला आहे आणि त्याच एक्स्टेंशनवर पाणी उपसणाऱ्या संप पंपाची पिन आहे. गार वारा येतो म्हणून दोन्ही खिडक्यांवर तू प्लॅस्टिक ताणून चिकटवलं आहेस. हे सगळं दाखवून शेवटी म्हणतोस, "मॅडम, आता मस्त ऊब आलीय. फक्त तासाभराने डोकं जरा जड होतं. वर जाऊन चहा घेतला की बरं वाटतं."

डिप्लोमाला तुला वीज मी शिकवली. ज्वलनाची समीकरणं, ओहमचा नियम, तापलेल्या सांध्याचं गणित, यातलं तुला येत नव्हतं असं काहीही नव्हतं. म्हणूनच राग आला आहे. ज्याला माहीत नाही त्याला समजावता येतं. ज्याला माहीत आहे आणि जो थंडी वाजली म्हणून ते माहीत असलेलं बाजूला ठेवतो, त्याचे कान उपटावे लागतात.

तुझं नाव न घालता हे पत्र मी छापायलाही देते आहे. मिशिगनमध्ये, न्यू जर्सीत, टोरांटोत आपली कितीतरी मुलं घर घेतात. घराबरोबर बेसमेंट येतं आणि दोन-तीन हिवाळ्यांत तिथे कुणाचं सुतारकाम सुरू होतं, कुणाचं ऑफिस, कुणाचा तबल्याचा क्लास. तळघर गार आणि ओलं असतं, म्हणून जो तो दुकानात जाऊन दिसेल तो हीटर उचलून आणतो. त्यांनीही वाचावं.

पहिली गोष्ट तुझ्या जड डोक्याची. चहाने बरं वाटत नाही रे. तू वरच्या मजल्यावर जातोस, तिथली हवा वेगळी आहे, म्हणून बरं वाटतं. बंद खोलीत जाळ पेटला, त्याला पुरेसा प्राणवायू मिळेनासा झाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तात साठत जातो. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग चक्कर येते, आणि त्यानंतर माणसाला उठून दार उघडायचं सुचत नाही. खोलीत असताना डोकं दुखणं आणि खोलीबाहेर पडल्यावर थांबणं ही त्या विषाची खूण आहे. आपल्याला धोक्याचा इशारा मिळतो आहे हे न ओळखता तू तो मला कौतुकाने सांगितलास.

तू पुण्यात वाढलास. हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणूस गेल्याची बातमी तू मराठी वर्तमानपत्रात वाचलेली आहेस. पुण्यात वाचली असशील, नाशिकची वाचली असशील, मुंबईची वाचली असशील. तेव्हा आपण सगळेच म्हणतो, खिडकी नको का उघडी ठेवायला, गिझर बाहेर नको का लावायला. तुझ्या तळघरातला रॉकेलचा हीटर आणि तो गिझर यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने काहीही फरक नाही. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या अपघाती कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने दरवर्षी चारशेहून अधिक माणसं मरतात, हे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचं सांगणं आहे. आणि हा वायू तळघरात थांबत नाही. गरम हवेबरोबर जिन्यातून, फर्नेसच्या डक्टमधून, लाकडी तक्तपोशीच्या फटींतून वर जातो. वर तुझी बायको आणि मुलगी झोपतात. तुझं डोकं दुखतं तेव्हा तू जागा असतोस. त्या दोघी झोपेत असतात.

आता ओलीकडे ये. तुझी तक्रार काय होती? भिंतीला ओल येते, कुबट वास सुटतो, टेबल सॉच्या बिडाच्या टेबलावर दर आठवड्याला गंज चढतो. या तक्रारीवर तू उपाय म्हणून रॉकेल जाळायला लागलास. कागद-पेन्सिल घे आणि समीकरण मांड. रॉकेलसाठी डोडेकेन धर: कार्बन 12, हायड्रोजन 26. त्याचे 170 ग्रॅम जळले की पाण्याचे 13 मोल, म्हणजे 234 ग्रॅम पाणी तयार होतं. रॉकेल पाण्यापेक्षा हलकं आहे, तेही हिशेबात घे. एक लिटर रॉकेल जाळलं की एक लिटरहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन खोलीत येतं. तुझ्या त्या हीटरच्या मापाचे हीटर तासाला अर्धा ते पाऊण लिटर रॉकेल पितात. संध्याकाळभर तो चालवलास की दोन-तीन लिटर पाणी तू स्वतःच्या हाताने हवेत सोडतोस, तेही प्लॅस्टिक लावून बंद केलेल्या खोलीत. ते पाणी जाईल कुठे? खोलीतलं जे जे गार आहे त्यावर बसेल: उघड्या काँक्रीटवर, खिडकीच्या काचेवर आणि बिडाच्या टेबलावर. बीड जड असतं, ते हवेच्या मानाने फार सावकाश तापतं. हवा वीस अंशांवर पोचली तरी टेबल अजून आठ-दहा अंशांवर असतं, आणि त्यावर दव धरतं. तुझा गंज तिथून येतो आहे. गंजावरच्या वेगवेगळ्या मलमांवर आणि मेणांवर पैसे घालवू नकोस.

प्रोपेनचा छोटा बाटला लावून चालणारे हीटर मिळतात, ते घेऊ का, असंही तू विचारलं होतंस. तिथेही उत्तर तेच. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून अधिक पाणी होतं, आणि कार्बन मोनॉक्साइडची भीती जशीच्या तशी राहते. खोक्यावर "घरात चालतो" असं छापलेलं असलं तरी ते हवा खेळती असलेल्या खोलीसाठी असतं. ज्याचा धूर बाहेर जात नाही असा कुठलाही जाळ तुझ्या तळघरात नको. यात सूट नाही, "फक्त अर्धा तास" नाही, "आज फार गारठा आहे" नाही.

आणि एक गैरसमज डोक्यातून काढून टाक. हवा गरम केली म्हणजे खोली कोरडी झाली असं होत नाही. दहा अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, वीस अंशांच्या हवेत सव्वासतरा ग्रॅम. तुझ्या तळघरातली दहा अंशांची, 90 टक्के दमट हवा वीस अंशांवर नेलीस तर आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली दिसेल आणि तू खूश होशील. पण पाणी तेवढंच आहे, एक थेंबही बाहेर गेलेला नाही. हीटर बंद केलास, हवा पुन्हा गार झाली की ते परत भिंतीवर. शनिवार-रविवार तापवायचं आणि पाच दिवस गार पडू द्यायचं, या तुझ्या पद्धतीत लाकूड फुगतं आणि आकसतं, सरस लावलेले सांधे सुटतात, हत्यारं गंजतात. खुर्चीचा पाय हलतोय म्हणालास ना?

तेव्हा हीटर कुठला घ्यावा हा प्रश्न दुसरा आहे. पाणी कुठून येतं हा पहिला. आधी ते शोध. शोधायला खर्च नाही. दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा किंवा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घे, भिंतीवर चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करून लाव, तसाच एक फरशीवर लाव, आणि एक-दोन दिवस राहू दे. काढल्यावर आतल्या बाजूला, काँक्रीटकडच्या अंगाला ओल असेल तर पाणी बाहेरून झिरपतंय. बाहेरच्या अंगाला थेंब असतील तर खोलीतल्या हवेतलं पाणी गार भिंतीवर जमतंय. दोन्हींचे उपाय निरनिराळे आहेत, आणि हे न बघता तू हीटर विकत घेत सुटलास.

पाणी बाहेरून येत असेल तर घराबाहेर जा. छपराच्या पन्हळी पानांनी तुंबल्या आहेत का बघ. पन्हळीतून खाली येणारा नळ घराच्या पायालाच पाणी ओततो का बघ. तसं असेल तर त्याला जोड लावून पाणी पायापासून निदान पाच-सहा फूट लांब सोड. घराभोवतीची माती भिंतीकडे उतरती झाली असेल तर भर घालून उतार उलटा कर, पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार असायला हवा. हे काम फावड्याचं आहे, एका शनिवारचं आहे, आणि पुष्कळ घरांत तळघराची ओल एवढ्यानेच निम्म्यावर येते. आतून भिंतीला जलरोधक रंग फासून बाहेरचं पाणी थांबत नाही, काही महिन्यांत रंगाचे पोपडे निघतात. भेगा असतील तर त्या भरून घे. तरीही फरशीतून पाणी येत असेल तर मग जाणकाराला बोलाव.

आतली हवा ओली असेल तर काय करायचं ते ऋतूवर अवलंबून आहे. तुझ्या मिशिगनची जानेवारीतली हवा कोरडी असते. शून्याखाली पाच अंशांवरच्या हवेत घनमीटरला साडेतीन ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही; ती हवा आत येऊन अठरा अंशांना तापली की तिची आर्द्रता वीस-बावीस टक्के उरते. म्हणजे हिवाळ्यात थोडी ताजी हवा आत घेणं हा ओल काढण्याचा मार्ग आहे, आणि तू नेमक्या त्याच वेळी खिडक्यांवर प्लॅस्टिक लावलंस. उन्हाळ्यात उलट. जुलैतली दमट हवा तळघरात घेतलीस की ती पंधरा-सोळा अंशांच्या भिंतीवर सरळ पाणी सोडते. तेव्हा खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर चालू. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, तीस ते पन्नासमध्ये ठेवायची, हा तिथल्या पर्यावरण संस्थेचा सल्ला आहे आणि तो लाकडालाही मानवतो. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र दहा-पंधरा डॉलरला मिळतं. तुझ्या व्हिडिओत सतरा प्रकारचे क्लॅम्प दिसले, ते यंत्र दिसलं नाही.

डीह्युमिडिफायरबद्दल एक गोष्ट तुला आवडेल. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी झालं की पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता खोलीत सुटते, आणि यंत्राने घेतलेली वीजही शेवटी उष्णता होऊनच खोलीत राहते. म्हणजे ओल काढता काढता ते थोडी ऊबही देतं. फक्त साधी यंत्रं थंड खोलीत नीट चालत नाहीत, त्यांच्या नळ्यांवर बर्फ धरतो. अठरा अंशांखाली वापरायचं असेल तर कमी तापमानाला चालणारं यंत्र मागून घे.

आता वीज. इथे मी तुला सोडणार नाही, कारण हा माझा विषय आहे.

तुझा हीटर 1500 वॅटचा आहे. पुण्यात 230 व्होल्टवर चालणारा तेवढ्याच वॅटचा हीटर साडेसहा अँपिअर घेईल. तुझ्या घरात 120 व्होल्टवर तुझा हीटर साडेबारा अँपिअर घेतो. वायरीत आणि सांध्यात होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हे तू शेकडो वेळा लिहिलेलं वाक्य आहे. म्हणजे तेवढेच वॅट, तेवढीच ऊब, पण तुझ्या वायरीतली उष्णता पुण्याच्या मानाने साडेतीन पटींहून जास्त. पुण्याच्या घरात मल्टिप्लगवर इस्त्री लावायची जी सवय हाताला लागली, ती तू तशीच अमेरिकेत नेलीस.

तो बारीक एक्स्टेंशन डोळ्यांसमोर आण. स्वस्त सॉकेटच्या आतली पत्र्याची पकड सैल झालेली असते, दमट हवेने तिच्यावर गंजाचा पापुद्रा चढलेला असतो. समज तिथे फक्त 0.2 ओहम रोध आहे. साडेबाराचा वर्ग 156, गुणिले 0.2, एकतीस वॅट. लॅबमध्ये तुम्ही 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने शिसं वितळवत होता. त्याहून तापलेलं टोक तुझ्या एक्स्टेंशनच्या प्लॅस्टिकच्या पोटात आहे, आणि ते एक्स्टेंशन भुशात पडलेलं आहे.

"पण मॅडम, ब्रेकर पडत नाही," असं तू म्हणशील. म्हणालाच होतास. ब्रेकर प्रवाह मोजतो, सॉकेटचं तापमान मोजत नाही. प्रवाह साडेबारा आहे, ब्रेकर पंधराचा आहे, त्याच्या लेखी सगळं ठीक चाललं आहे आणि सॉकेट जळत आहे. जमिनीकडे गळणारा चार-सहा मिलिअँपिअरचा प्रवाह ओळखून वीज तोडणारं जीएफसीआय सॉकेट तळघरात असायलाच हवं, ओल्या फरशीवर उभं राहून काम करणाऱ्याचा जीव त्यावर आहे. पण तेही या तापलेल्या सांध्याला ओळखत नाही. ते शॉकपासून वाचवतं, या आगीपासून वाचवत नाही. शिवाय तीन तास किंवा त्याहून जास्त सलग चालणारा भार ब्रेकरच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, हा तिकडच्या वायरिंगच्या नियमांतला हिशेब आहे. पंधराचे ऐंशी टक्के बारा. तुझा हीटर एकटाच त्या रेषेच्या पुढे आहे. त्यावर तू टेबल सॉ चालवतोस, आणि वरून संप पंप जोडला आहेस. एखाद्या पावसाच्या रात्री तो ब्रेकर पडला तर पंप बंद पडेल आणि सकाळी तळघरात घोटाभर पाणी असेल. पंपाला वेगळ्या सर्किटवरचं स्वतःचं सॉकेट दे. हे आजच्या आज करण्यासारखं आहे.

लाकडाच्या कामाची जागा आणि बैठकीची खोली एक नाही, हेही तू विसरलास. लालभडक तार असलेला हीटर भुसा उडणाऱ्या खोलीत ठेवायचा नसतो. बारीक भुसा हवेत दाट झाला तर ठिणगीने भडकतो. तेवढा झाला नाही तरी तारेवर बसून धुमसतो. त्याहून वाईट तुझ्या लॅकर थिनरची वाफ. त्यातल्या अॅसिटोनचा रेणुभार 58, हवेचा सरासरी 29. ती वाफ दुप्पट जड, म्हणजे फरशीलगत पसरत जाणार. ती शून्याखाली वीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे तुझं तळघर कितीही गार असलं तरी तिला पुरेसं गरमच आहे. आणि त्याच फरशीवर, पार्टिशनच्या पलीकडे तुझी गॅसवर पाणी तापवायची जुनी टाकी आहे, तिच्या तळाशी ज्योत आहे. फिनिशिंगचं काम तळघरात करायचं नाही. उन्हाळ्यात गॅरेजचं दार उघडून कर, नाहीतर पाण्यावर आधारलेलं फिनिश वापर.

जवसाच्या तेलाची फडकी तू बादलीत कोंबून ठेवलेली दिसली. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि फडकी गोळा करून ठेवली की ती उष्णता आतच साठून आपोआप पेट घेते, कुणी काडी लावावी लागत नाही. फिलाडेल्फियात 1991 साली वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत अठरा तासांहून जास्त जळत होती आणि तीन अग्निशामक जवान त्यात मेले. आगीचं मूळ होतं कामगारांनी ठेवून दिलेली जवसाच्या तेलाची फडकी. तुझी फडकी बाहेर नेऊन एकेक पसरून वाळू दे, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेव.

अजून एक धोका आहे, तो तुझ्यासारखा हुशार माणूसच ओढवून घेतो. भुसा ओढणाऱ्या यंत्राचा पाइप तू भिंतीतून बाहेर काढायच्या बेतात आहेस. ते यंत्र मिनिटाला शेकडो घनफूट हवा बाहेर फेकतं. तेवढी हवा आत कुठून येणार? खिडक्या तू बंद केल्यास. मग ती सर्वांत सोप्या वाटेने येईल, म्हणजे त्या गॅसच्या टाकीच्या धुराड्यातून उलटी. वर जायचा धूर खाली तळघरात येईल, आणि रॉकेलचा हीटर काढून टाकूनही पुन्हा तोच कार्बन मोनॉक्साइड. गाळून हवा खोलीतच परत सोडणारं चांगल्या फिल्टरचं यंत्र वापर, किंवा बाहेरून हवा आत यायची वेगळी सोय कर आणि धुराड्याचा ओढा जाणकाराकडून तपासून घे.

एवढं सगळं झाल्यावर हीटर. पाणी थांबवलंस, मग भिंती झाक. उघड्या काँक्रीटच्या खोलीत कितीही ऊब ओतली तरी ती मातीत जाते. आधी भिंतीच्या माथ्यावरची, जिथे घराचं लाकूड काँक्रीटवर टेकतं ती फट बंद कर. गार वारा तिथूनच येतो, तू उगाच खिडक्यांच्या मागे लागलास. मग काँक्रीटला लागून कडक फोमचे तक्ते लाव. काचतंतूचे गादीसारखे थर ओल्या भिंतीला लावायचे नाहीत, ते पाणी धरतात आणि आत बुरशी येते. फोम उघडा ठेवायचा नाही, तो आगीत भयंकर जळतो; त्यावर अर्धा इंच जिप्समचा बोर्ड हवा. पायाखाली जाड रबरी चटया टाक. पाय गार असले की माणूस हीटर वाढवत बसतो.

तुझी दोनशे चौरस फुटांची जागा अशी झाकल्यावर तिला दोन किलोवॅटच्या आसपास पुरेल. ती ऊब कशी आणायची, तर माझं मत स्पष्ट आहे. पैसे असतील तर भिंतीवरचा उष्णतापंप, ज्याला तुम्ही मिनी स्प्लिट म्हणता, तो घे. तो ज्योत पेटवत नाही, खोलीत लाल तार नाही, एका युनिट विजेत दोन-तीन युनिट ऊब देतो, आणि उन्हाळ्यात तोच हवेतलं पाणी काढतो. तुझ्या दोन्ही दुखण्यांवर चालणारं एवढं एकच यंत्र आहे. शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत चालणारी मॉडेलं मिळतात, तुझ्याकडे तशीच लागतील. भुशाने त्याची जाळी तुंबते, ती नियमाने धुवावी लागेल.

तेवढे पैसे आता नसतील तर 240 व्होल्टचा, भिंतीत पक्का बसवलेला, थर्मोस्टॅट असलेला हीटर घे, त्याच्या स्वतःच्या सर्किटवर. तुझ्या घरात 240 व्होल्ट आहेत, कपडे वाळवायचं मशीन बहुधा त्यावरच चालतं. 2000 वॅटला तिथे सुमारे सव्वाआठ अँपिअर लागतील. परवानाधारक वायरमनकडून, रीतसर परवानगी काढून करून घे. वायरिंग तुला येतं हे मला माहीत आहे. तरी तू करायचं नाहीस. तिथले नियम तू शिकलेल्या नियमांहून वेगळे आहेत, आणि विमा कंपनी आग लागल्यावर पहिला कागद तोच मागते. गॅसच हवा असेल तर बाहेरून हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा, पूर्ण बंद पेटीचा हीटर मिळतो, तो चालेल. त्याच्याहून खालचं काही नाही.

यातलं काही होईपर्यंतच्या आठवड्यांसाठी तेल भरलेला रेडिएटर आण. त्यात उघडी तार नसते. मधल्या बटणावर, नऊशे वॅटला चालव, म्हणजे साडेसात अँपिअर. पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये. एक्स्टेंशन नाही, स्पाइक बोर्ड नाही. उलटला तर बंद होणारा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा शिक्का असलेला घे. चारी बाजूंनी तीन फूट मोकळं ठेव. आणि तो तुझ्या आणि जिन्याच्या मध्ये ठेवू नकोस. आत्ता तुझे दोन्ही हीटर नेमके तिथेच आहेत; आग लागली तर बाहेर पडायची एकच वाट आहे आणि ती त्यांच्यावरून जाते. वर जाताना तो बंद करून पिन काढ.

पैशांचं कारण मला सांगू नकोस. टेबल सॉची किंमत तू मला अभिमानाने सांगितली होतीस. ज्याला करवतीसाठी पैसे आहेत त्याला वायरमनसाठीही आहेत. नसतील तर हा हिवाळा खुर्ची अर्धवट राहू दे.

आता पत्र खाली ठेव आणि ऊठ. रॉकेलचा हीटर विझव, गार झाला की घराबाहेर ने. खिडकीवरचं प्लॅस्टिक काढ. पंपाची पिन वेगळ्या सर्किटवरच्या सॉकेटमध्ये लाव. मग दुकानात जाऊन कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म आण, एक तळघरासाठी, एक मुलीच्या खोलीबाहेर. हवेत हा वायू सत्तर पीपीएम (दहा लाखांत सत्तर भाग) असताना ते एक ते चार तासांनी वाजतात आणि चारशे असताना चार ते पंधरा मिनिटांत. त्यांच्या भरवशावर जाळ पेटवायचा नाही. मागे छापलेली मुदत बघून घे, हे अलार्मही जुने होतात. आणि तुझं डोकं आजही जड असेल, किंवा घरात कुणालाही मळमळत असेल, तर दुकानही नंतर: तिघं घराबाहेर पडा, 911 ला फोन करा आणि डॉक्टरांना सांगा की बंद तळघरात रॉकेल जळत होतं.